बालवाडी, अंगणवाडी आणि पाळणाघरांसाठी अनुदानातून पोषण प्रकल्प: खान्देशातल्या संस्था वारंवार विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या छोट्या संस्था, महिला मंडळं आणि बचत गट यांच्यासाठी हे पान आहे. लहान पोरांच्या खाण्यापिण्याचं, तब्येतीचं काम करायची इच्छा असते, पण पैसे कुठून आणायचे आणि अर्जात काय लिहायचं इथे गाडं अडतं. आमच्याकडे येणारे फोन बहुतेक याच प्रश्नांचे असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

सरकार अंगणवाडीत आहार देतंच. मग आमच्या प्रकल्पाची गरज काय?

हा प्रश्न निधी देणाराही विचारेल, म्हणून त्याचं उत्तर आधी स्वतःकडे पक्कं हवं. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळणं हा हक्क केला. तीव्र कुपोषित मुलासाठी हाच आकडा ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असा आहे. हे सगळं पूरक आहे. बाकीचं घरून मिळेल असं कायद्याने धरलेलं आहे, आणि आपल्याकडे नेमकं ते बाकीचंच कमी पडतं.

आमच्या अनुभवात खान्देशात तीन ठिकाणी फट राहते. पहिली, तीन वर्षांखालचं मूल. ते अंगणवाडीत जेवायला बसत नाही, त्याचा आहार पाकिटातून घरी जातो आणि घरातले सगळे मिळून खातात. दुसरी फट ताटातच असते: तेल, अंडं, पालेभाजी. तिसरी म्हणजे कुटुंब कामाला बाहेरगावी जातं ते चार-पाच महिने. तुमचा प्रकल्प यातल्या एका तरी फटीत बसत असेल तर त्याची गरज आहे. नुसतं ‘आम्ही मुलांना पौष्टिक आहार देऊ’ लिहिलंत तर तो अर्ज बाजूला पडेल, आणि ते बरोबरच होईल.

सुरुवात कुठून करायची?

अंगणवाडीत एक अख्खा दिवस बसून. सकाळी दार उघडल्यापासून ते मदतनीस ताई पातेलं घासून पालथं घालेपर्यंत. वही न्या, पण पहिले दोन तास ती उघडू नका.

धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आम्ही असे बसलो होतो. खिचडी चांगली होती, वेळेवर शिजली होती. दोन वर्षांची एक मुलगी मोठ्या बहिणीबरोबर आली होती. तिचं नाव त्या ताटाला लागत नव्हतं, पण बहिणीने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने बोटाने चार शितं उचलली, तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. खिचडीत मिरचीची फोडणी होती. बहिणीने तिला पाणी पाजलं आणि उरलेलं स्वतः खाल्लं. घरी विचारलं तर आई म्हणाली, ‘ती खातच नाही काही, चहात टोस्ट बुडवून देते.’ त्या दिवशी आमचा प्रकल्प ठरला: फोडणी देण्याआधी लहानांसाठी वाटीभर खिचडी बाजूला काढायची, ती चमच्याने मऊ करायची आणि वरून एक चमचा शेंगदाण्याचं तेल घालायचं. त्या एका चमच्यात सुमारे ४५ किलोकॅलरी असतात. लहान पोट दोन वाट्या खिचडी घेऊ शकत नाही, पण तेल घातलेली एक वाटी घेतं. दिवसभर तिथे बसलो नसतो तर आम्ही बहुधा खेळण्यांचे संच मागितले असते.

अंगणवाडीत काम करायला परवानगी कोणाची लागते?

ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाची, आणि तालुक्याला बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची. बीटच्या (काही अंगणवाड्यांच्या गटाच्या) पर्यवेक्षिका ताईंना आधी भेटा, पत्र नंतर द्या. शहरात नागरी प्रकल्पाचं कार्यालय वेगळं असतं. खासगी बालवाडीला किंवा तुमच्या स्वतःच्या पाळणाघराला ही परवानगी लागत नाही, पण गावातल्या अंगणवाडी ताईंना ठाऊक नसताना काम सुरू करू नका.

पैसे कोण देतं?

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं, म्हणजे सीएसआरचं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भूक आणि कुपोषण निर्मूलन अगदी पहिल्याच कलमात आहे, त्यामुळे विषय बसतो का ही शंका ठेवू नका. अडचण निराळीच असते. कंपन्यांना कारखान्याच्या आसपासची गावं आवडतात, आणि सातपुड्याच्या पाड्यांजवळ कारखाने नाहीत.

म्हणून गावातलाच पैसा आधी बघा असं आम्ही आग्रहाने सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ही रक्कम लहान असते आणि बऱ्याचदा कुठेतरी भलतीकडे वळते. ग्रामसभेत उठून विचारा, गावचा विकास आराखडा बनतो तेव्हा विषय लेखी द्या. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो आरोग्य, स्वच्छता, शिक्षण यांवर खर्च करता येतो. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत तर हा पहिला दरवाजा असायला हवा. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथे आहेत. त्यांच्या न्यूक्लियस बजेटमधून, म्हणजे प्रकल्प कार्यालयाच्या हातातल्या राखीव निधीतून, स्थानिक गरजेच्या छोट्या योजना होतात.

आणि व्यापारी. जळगावच्या दाणाबाजारात किंवा शिरपूर-दोंडाईच्याकडे असे दुकानदार आहेत जे पैसे देणार नाहीत, पण दरमहा एक डबा तेल वर्षभर न चुकता देतील. तो डबाही अनुदानच आहे, त्याची पावती फाडा.

कागदपत्रं कोणती लागतात?

सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर सवलतीची १२एबी (पूर्वीची १२ए) आणि ८०जी प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक. सीएसआर निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून कंपनी मंत्रालयाकडून क्रमांक घ्यावा लागतो, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी वेगळी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘मोठी संस्था परदेशी पैसा आणेल आणि आम्हाला देईल’ हा रस्ता त्यामुळे बंद आहे.

आमची संस्था नवीन आहे, तीन वर्षं झालेली नाहीत. काय करू?

जुन्या, नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर सीएसआरचा अर्ज करा. करार लेखी करा आणि खर्चाच्या नोंदी तुम्ही ठेवा. दरम्यान ग्रामपंचायतीच्या पैशातून एका अंगणवाडीत काम दाखवा.

अंदाजपत्रक कसं बसवायचं?

ताटापासून वर. मुलांची संख्या, आठवड्याचे दिवस, नगाचा भाव. समजा ४० मुलं आहेत, आठवड्यातून चार दिवस एक अंडं द्यायचं आणि भाव ७ रुपये धरला. महिन्याचे १६ दिवस म्हणजे ६४० अंडी, ४,४८० रुपये. वर्षाचे ५३,७६०. त्यावर फुटणारी अंडी धरायची, वाहतूक धरायची, थंडीत अंड्याचा भाव चढतो तेही धरायचं. हा हिशेब निधीदारापुढे ठेवला की त्याला कळतं, आपला रुपया कोणत्या ताटात जातो.

नव्या संस्था इंधन विसरतात. अंडी उकडायला गॅस लागतो, आणि तो मदतनीस ताईंच्या माथी मारला की तिसऱ्या महिन्यात अंडी उकडणं बंद पडतं. पाण्याची टाकी, दर्जेदार वजनकाटा, काटा दुरुस्त करायचे पैसे, ताईंच्या प्रशिक्षणाच्या दिवसाचा भत्ता आणि प्रवास हेही लिहा. रंगरंगोटी आणि फलकाचा खर्च शेवटी, उरला तर. आम्ही एकदा उलटं केलं होतं. भिंतींवर फळांची चित्रं काढली, आणि जूनपासून फळांसाठीच पैसे उरले नाहीत. मुलं त्या भिंतीवरच्या डाळिंबाकडे बोट दाखवायची. ते आजही आठवतं.

अंडी द्यायची की केळी? आमच्या भागात केळी स्वस्त आहेत.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातले सगळे हे विचारतात. केळं चांगलंच आहे, मुलं आवडीने खातात, अंगात तरतरी येते. पण एका केळ्यात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. वाढीसाठी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळी मिळतात. ती योजना तुमच्या गावात चालू असेल तर तेच परत देऊ नका, उरलेल्या दिवसांसाठी मागा.

जिथे घरचे लोक अंड्याला नको म्हणतात तिथे वाद घालू नका. केळ्याबरोबर शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू द्या, मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीचे फुणके द्या. फुणके वाफेवरचे असतात, तेल कमी लागतं, मुलं हातात धरून खातात. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे कधीच देऊ नका, घशात अडकतात. कळण्याची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून दिली तर ज्वारी आणि उडीद दोन्ही पोटात जातात. आपल्या आज्यांनी हे मिश्रण उगीच नाही बसवलं. सातपुड्याकडे भगर, मोर, राळा ही बारीक भरडधान्यं अजून पेरतात. पाकिटातला आहार नाकारणारी आई मोराच्या भाताला नाही म्हणत नाही.

उन्हाळ्यात एक काळजी घ्या. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा महिन्याची अंडी एकदम आणू नका, तीन-तीन दिवसांची आणा. शंका आली तर अंडं पाण्यात सोडा. तरंगलं तर टाका.

कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर जातात. मग प्रकल्प कोणासाठी चालवायचा?

आमच्या मते खान्देशातल्या कोणत्याही पोषण प्रकल्पाचं यश याच एका उत्तरावर ठरतं, आणि बहुतेक अर्जांत त्याचा उल्लेखही नसतो. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. आपल्या मजूर कुटुंबाचं वर्ष तसं चालत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला, गुजरातेत शेतावर किंवा बांधकामावर. होळीला काही परततात, कारण सातपुड्यात होळी चुकवत नाहीत. भोंगऱ्या बाजाराला सगळं गाव भरतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उरलेले येतात, माहेरवाशिणी येतात, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) नवं साल ठरतं. पावसाळ्यात लोक घरी असतात, पण तेव्हाच घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि पोरांना जुलाब लागतात.

म्हणून कामाचं वेळापत्रक या पंचांगावर बसवा. पहिली वजनं आखाजीनंतरच्या आठवड्यात घ्या. आहारावरचा सगळ्यात जास्त खर्च जून ते ऑक्टोबर या काळात धरा. दिवाळीच्या आधी, कुटुंब गाडीत बसायच्या आत, प्रत्येक लहान मुलाच्या आईच्या हाती एक पिशवी जाऊ द्या: भाजलेल्या डाळ-तांदळाचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, ओआरएसची पाकिटं, आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये) नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येतं. कुटुंब कुठे जाणार हे मुकादमाला ठाऊक असतं, त्याच्याकडून गाव लिहून घ्या आणि ताईंना द्या.

जे म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतात त्या मुलांची वेगळी यादी करा. त्या मुलांना बहुतेकदा भाकरी आणि चटणी मिळते, तीही दोनदा. अशांसाठी दुपारनंतर दोन तास बालवाडी उघडी ठेवणं आणि चार वाजता काहीतरी खायला देणं, एवढ्यावरच एक चांगला प्रस्ताव उभा राहतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत पाळणाघर चालवता येईल का?

चालवावंच. ऑक्टोबर ते डिसेंबर आया सकाळीच शेतात जातात, तान्हं मूल बांधावर साडीच्या झोळीत असतं आणि फवारलेल्या शेतात रांगतं. केंद्राच्या पाळणा योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे, तालुक्याच्या कार्यालयात त्याची चौकशी करा. हंगामी पाळणाघरासाठी स्थानिक जिनिंगवाल्यांकडे मदत मागायला लाजू नका. सांभाळणारी बाई गावातलीच, पोरांच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत बोलणारी असावी. अनोळखी बोलीत रडणारं मूल खात नाही.

परिणाम कसा मोजायचा? निधीदार आकडे मागतात.

वजन, उंची आणि दंडाचा घेर. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यापुढे उंची उभं करून घ्यायची. दोन पद्धतींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, तो विसरला की एखादं मूल कागदावर उगीच खुजं होतं. काटा महिन्यातून एकदा किराणा दुकानातलं पाच किलोचं माप ठेवून तपासा. एकदा आमचा काटा तीन महिने ३०० ग्रॅम जास्त दाखवत होता. मुलं सुधारली म्हणून आम्ही आनंदात होतो. सगळे आकडे परत घेतले आणि निधीदाराला तसं पत्र लिहिलं. त्यांनी पुढच्या वर्षीही पैसे दिले.

जुलैचं वजन जानेवारीशी ताडून पाहू नका. पावसाळ्यात मुलं उतरतात आणि सुगीनंतर भरतात, ते तुमच्या प्रकल्पाशिवायही होतं. जुलैची तुलना पुढच्या जुलैशी. आणि अर्जात मोठी वचनं देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी होती. खुजेपणा गरोदरपणापासून पहिल्या दोन वर्षांत घडतो, तो १२ महिन्यांच्या अनुदानात पुसला जात नाही. वजन न वाढलेल्या मुलांची संख्या कमी करू, असं म्हणा. ते जमण्यासारखं आहे.

मोजताना तीव्र कुपोषित मूल सापडलं तर?

त्याच दिवशी आशाताई आणि अंगणवाडी ताईंना कळवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघा. राहत असेल, किंवा मूल खात-पीत नसेल, मलूल असेल, तर थेट दवाखाना. स्वतः उपचार करू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं, आणि आई नाही म्हणते ती बहुतेकदा घरच्या दुसऱ्या पोरांमुळे. बुडीत मजुरी केंद्राकडून मिळते, पण घरी भाकरी कोण टाकणार? शेजारच्या बाईला त्या दोन आठवड्यांचं मानधन द्यायची तरतूद अंदाजपत्रकात ठेवा. आम्ही ती ठेवल्यापासून आया परत फिरायच्या थांबल्या.

दुधाच्या पावडरीचे डबे फुकट मिळत आहेत. घेऊ का?

नाही. १९९२ च्या शिशु दुग्धपर्यायी पदार्थ कायद्याने असा प्रचार आणि असं वाटप रोखलेलं आहे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यानंतर वरचा आहार आणि दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजणं चालू. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आपल्याकडे जीव घेते.

‘आरोग्य आणि स्वास्थ्य’ या भागात काय लिहायचं?

साबण आणि वाहतं पाणी. जेवणाआधी हात धुण्याची जागा मुलाच्या उंचीवर हवी, नाहीतर ताईंना प्रत्येकाला उचलून धरावं लागतं आणि ते होत नाही. आरोग्य विभागाकडून आठवड्यातून दोनदा मिळणारं लोहाचं औषध, वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस खरंच पोटात जातात का, यावर लक्ष ठेवा. खेळायला सावली हवी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पोरं जेवत नाहीत, झोपून राहतात. छताला पांढरा चुना आणि अंगणात शेवग्याची दोन झाडं हा आमचा लाडका खर्च आहे. शेवग्याचा पाला ताटातही जातो. परसबागेच्या रोपांसाठी पाल, ममुराबाद, धुळे आणि कोळदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करा.

मुलांचे फोटो अहवालात लावायचे का?

आईच्या लेखी संमतीशिवाय नाही. आणि हडकुळ्या मुलाचा उघड्या अंगाचा फोटो तर संमती असली तरी नाही. ते मूल उद्या त्याच गावात शाळेत जाणार आहे. ताटाचे, परसबागेचे, ताईंच्या वजनवहीच्या पानाचे फोटो लावा, नावं झाकून.

अनुदान संपल्यावर काय?

पहिल्या दिवशीच ठरवा, कोणता खर्च कोणाकडे जाणार. एका गावात आम्ही असं केलं: पहिल्या वर्षी अंड्यांचे सगळे पैसे अनुदानातून. दुसऱ्या वर्षी बचत गटाने कोंबड्या पाळल्या आणि निम्मी अंडी त्यांच्याकडून विकत घेतली. तिसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीच्या १० टक्क्यांतून त्याच गटाला पैसे मिळू लागले. मधे मानमोडीने कोंबड्या गेल्या, दोन महिने बाजारातून अंडी आणावी लागली. त्यासाठी राखून ठेवलेले ६,००० रुपये तेव्हा उपयोगी पडले. आता तिथे आम्ही महिन्यातून एकदा फक्त काटा तपासायला जातो.